फोन आपला, कुलूप कोणाचे?



शाळेच्या पत्रिकेत प्राचार्यांनी परीक्षेवर, शिस्तीवर किंवा फार तर मुलांच्या मोबाईलवेडावर लिहावे, अशी आपली अपेक्षा असते. या अंकातही आम्ही मोबाईलवरच लिहीत आहोत, पण मुलांनी तो किती वेळ बघावा यावर नाही. तो आपण विकत कसा घेतो, आणि पैसे मोजल्यावर तो खरोखर आपला होतो का, यावर लिहीत आहोत. हा विषय शाळेत कशासाठी, असे काहींना वाटेल. लेख शेवटपर्यंत वाचलात तर शाळेशी त्याचा संबंध किती जवळचा आहे ते लक्षात येईल.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. मोबाईलच्या धंद्यात दोन वेगळे पक्ष असतात. एक फोन तयार करतो, दुसरा टॉवर उभारून सेवा देतो. साबण आणि पाणी यांच्यासारखे हे दोन आहेत. साबण कोणाच्याही नळाखाली चालतो. पण उद्या साबणवाला आणि नळवाला यांनी आपसात ठरवले, की हा साबण फक्त याच नळाखाली फेस देईल, तर? मोबाईलमध्ये नेमके असे घडत आले आहे. फोन बनवणारी कंपनी एकाच सेवा कंपनीशी करार करते. हा फोन फक्त तुमच्याकडेच मिळेल, दुसऱ्या कोणाकडे नाही. जाहिरातीत याला 'एक्स्क्लुझिव्ह' असे भारदस्त नाव असते. आपण त्याला सरळ जोड-करार म्हणू.

हा करार कागदावर राहत नाही, तो फोनच्या आतही घातला जातो. प्रत्येक सिमकार्डात सेवा कंपनीचा सांकेतिक क्रमांक असतो. भारतातील कंपन्यांचा तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. कुलूप घातलेला फोन चालू होताच हा क्रमांक वाचतो आणि आपल्याला नेमून दिलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. जुळला तर ठीक, नाही जुळला तर फोन सेवा घेऊ देत नाही. यंत्रात काही बिघाड नसतो. सगळे सुटे भाग ठणठणीत असतात. फक्त मुद्दाम घातलेली आडकाठी असते. आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी हे अनुभवले असेल. मुलगा सुट्टीत येताना आपला जुना फोन आईला म्हणून आणतो, आपण त्यात इथले सिम घालतो, आणि फोन म्हणतो, हे सिम चालणार नाही. मग जेल रोडवर डॉलर मार्केटच्या फेऱ्या सुरू होतात.

जोड-कराराचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतलेच आहे. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन जगाला दाखवला आणि २९ जूनपासून तो विकला जाऊ लागला. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि वर एटी अँड टी या एकाच कंपनीशी दोन वर्षांचा करार. दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला आयफोन हवा असेल तर त्याने आधी आपली कंपनी सोडावी. मध्येच करार मोडला तर १७५ डॉलर दंड. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीकडे, म्हणजे व्हेरायझनकडे, आयफोन विक्रीला आला तो १० फेब्रुवारी २०११ रोजी. तोपर्यंत साडेतीन वर्षे उलटून गेली होती.

यातली खरी मेख पुढेच आहे. २००७ च्या जूनमध्ये ज्याने फोन घेतला, त्याचा दोन वर्षांचा करार २००९ च्या जूनमध्ये पुरा झाला. फोनचे पैसे दिले, सेवेचे पैसे दिले, शब्द पाळला. आता फोन त्याचा झाला ना? नाही. करार पूर्ण केलेल्या ग्राहकांच्या आयफोनचे कुलूप उघडून द्यायला एटी अँड टीने सुरुवात केली ती एप्रिल २०१२ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षे त्या माणसाच्या खिशात त्याचा स्वतःचा, पूर्ण पैसे दिलेला फोन होता, पण किल्ली दुसऱ्याकडे होती. भाडेकरूने भाडे थकवले तर घरमालक कुलूप लावतो, असे आपण ऐकतो. इथे तर घर विकून टाकल्यावरही जुना मालक किल्ली द्यायला तयार नव्हता.

आता किमतीचे बघा. जुलै २००८ मध्ये आयफोनचा दुसरा अवतार आला. आठ जीबीचा जो फोन आधी ३९९ डॉलरला होता, त्याच्या जागी नवा फोन १९९ डॉलरला. दोनशे डॉलर वाचले म्हणून लोकांनी रांगा लावल्या. पण त्याच वेळी इंटरनेटचे मासिक भाडे २० डॉलरवरून ३० डॉलर झाले. दरमहा दहा डॉलर जास्त, करार २४ महिन्यांचा. चोवीस दाहे दोनशे चाळीस. म्हणजे दोनशे सोडले आणि दोनशे चाळीस घेतले. नवे नेट आधीपेक्षा वेगवान होते हे मान्य करू, पण 'अर्ध्या किमतीत' हा शब्द मात्र खरा नव्हता. आपल्या मराठीत याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. हिशोब पाचवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे, पण जाहिरातीत १९९ हा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि मासिक भाडे बारीक अक्षरात.

आपल्याकडे काय झाले? भारतात आयफोन २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांमार्फत आला. आठ जीबीचा ३१,००० रुपये आणि सोळा जीबीचा ३६,१०० रुपये. अमेरिकेतले १९९ डॉलर तेव्हाच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आतच होते. अमेरिकी ग्राहकाला निदान सवलत दाखवून बांधले होते. आपल्याकडे भरभक्कम किंमतही घेतली आणि कुलूपही ठेवले. म्हणजे आवळाही दिला नाही, कोहळा मात्र घेतला.

पण जोड-करार काही आयफोनबरोबर आपल्या देशात आला नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमची 'मान्सून हंगामा' योजना आली होती, ती अनेकांना आठवत असेल. सुरुवातीला ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. ते फोन सीडीएमए पद्धतीचे होते, त्यात काढता येणारे सिमकार्डच नव्हते. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. पुढे २१ जुलै २०१७ रोजी मुकेश अंबानी यांनी जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपये अनामत, ती तीन वर्षांनी परत, पण अटींवर, आणि सिम फक्त जिओचेच चालणार. दोन्ही योजनांनी लाखो साध्या घरांत पहिला फोन पोहोचवला, हे नाकारता येणार नाही. भाजीवाला, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्या हाती फोन आला तो अशाच योजनांमुळे.

म्हणूनच दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. जोड-कराराचे समर्थक सांगतात, की नवा फोन तयार करायला प्रचंड पैसा लागतो. एखाद्या सेवा कंपनीने खात्रीने इतके फोन विकून देऊ असे म्हटले, तर बनवणाऱ्याला धाडस करता येते. सेवा कंपनीलाही त्या फोनसाठी आपली यंत्रणा वाढवावी लागते, तिला त्याचा मोबदला नको का? शिवाय ज्याच्याजवळ एकरकमी पैसे नाहीत त्याला हप्त्याहप्त्याने फोन मिळतो. यात तथ्य आहे. आयफोन येण्यापूर्वी अमेरिकेत फोनमध्ये काय असावे आणि काय नसावे हे सेवा कंपन्याच ठरवत असत. ती पकड सैल झाली, त्यालाही ॲपल आणि एटी अँड टी यांचा करारच कारण झाला. तेव्हा दोन व्यापाऱ्यांनी आपसात करार करू नये, असे आम्ही म्हणत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की सवलत दिली असेल तर ती उधारी समजावी. उधारी असेपर्यंत बंधन योग्य. उधारी फिटली की बंधन संपले पाहिजे. सोनाराकडे दागिना गहाण ठेवला, मुद्दल आणि व्याज चुकते केले, आणि तरीही सोनार म्हणाला की दागिना तुमचाच, पण घालायचा तो माझ्याच पेढीवर येताना, तर आपण ऐकून घेऊ का? सराफ्यात असा सोनार एक दिवस टिकणार नाही. मग मोबाईलच्या बाजारात का टिकावा?

अशा करारांचे नुकसान फक्त ग्राहकालाच होते असेही नाही. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत मोठ्या कंपन्यांचे टॉवर नव्हते, तिथे लहान कंपन्या सेवा देत. नवे चांगले फोन मोठ्या कंपन्यांनी बांधून घेतल्यामुळे गावच्या ग्राहकाला ते मिळेनात. लहान कंपन्यांच्या संघटनेने २००८ मध्ये सरकारी दूरसंचार आयोगाकडे दाद मागितली, आणि जून २००९ मध्ये जॉन केरी यांच्यासह चार सिनेट सदस्यांनी या करारांची चौकशी करा असे आयोगाला लिहिले. शहराला एक आणि गावाला दुसरे, हा भेद आपल्यालाही ओळखीचा आहे.

फोन बनवणारेही यात बुडाले आहेत. पाम कंपनीचा 'प्री' हा फोन जून २००९ मध्ये आला, जाणकारांनी त्याची स्तुती केली, पण अमेरिकेत तो आरंभी फक्त स्प्रिंट कंपनीकडेच होता. स्प्रिंटचे ग्राहक कमी होत चालले होते. पुढच्याच वर्षी पाम कंपनी १२० कोटी डॉलरला एचपीने विकत घेतली आणि २०११ मध्ये एचपीने ते फोन बनवणेच थांबवले. बुडण्याला इतरही कारणे होती, पण एकाच दुकानात माल ठेवल्याचा फटका त्यांना बसलाच. ॲमेझॉनचा 'फायर फोन' २०१४ मध्ये असाच एटी अँड टीशी बांधून आला. दोन महिन्यांत करारासह त्याची किंमत १९९ डॉलरवरून ९९ सेंटवर उतरली आणि कंपनीला १७ कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला.

मोकळेपणाने काय साधते, याचेही एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेत घरोघरी जो तारेचा फोन असे, त्याला कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू जोडायला बंदी होती. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी वायरलेस रेडिओ फोनला जोडण्याचे यंत्र तयार केले. कंपनीने विरोध केला, प्रकरण आयोगापुढे गेले, आणि १९६८ मध्ये आयोगाने निर्णय दिला, की फोनच्या जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले यंत्र जोडता आले पाहिजे. त्या एका निर्णयाने दार उघडले. पुढे निरोप टिपून ठेवणारी यंत्रे, फॅक्स, मोडेम ही सगळी मंडळी त्याच दारातून आत आली. घरच्या फोनला कॉम्प्युटर जोडून लोक इंटरनेटवर गेले, त्याला हा मोकळेपणाच कारण आहे.

मग सरकारांनी आणि न्यायालयांनी काय केले? वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी वाट धरली. जर्मनीत नोव्हेंबर २००७ मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे टी-मोबाईलला कुलूप नसलेला आयफोन विकावा लागला. करारासह ३९९ युरोचा फोन कराराविना ९९९ युरोचा निघाला! दोन आठवड्यांत तो आदेश मागे घेतला गेला, पण तेवढ्या काळात लोकांना कळले, की बंधनाची किंमत सहाशे युरो आहे. फ्रान्समध्ये स्पर्धा परिषदेने १७ डिसेंबर २००८ रोजी ऑरेंज कंपनीचा आयफोनवरील एकट्याचा हक्क स्थगित केला. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीनंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीला न विचारता उघडणे बेकायदा ठरत होते. एक लाखाहून अधिक नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ग्राहकाला ती मुभा परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून कुलूप मोफत उघडून देणे बंधनकारक केले. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच सेवा कंपन्यांना बंदी केली.

आपल्या देशातही आयफोनच्या जोड-कराराविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली होती. २०१३ मध्ये आयोगाने ती फेटाळली. कारण काय? भारताच्या स्मार्टफोन बाजारात ॲपलचा वाटा फारच लहान होता, तेव्हा या कराराने बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय वाईट परिणाम होतो असे म्हणता येत नाही, असे आयोगाचे मत पडले. कायद्याच्या चौकटीत हे बरोबरच होते. स्पर्धा कायद्यात असे करार सरसकट निषिद्ध नाहीत, त्यांचा परिणाम पाहिला जातो.

पालकहो, या निकालातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. स्पर्धा कायदा बाजाराचे नुकसान मोजतो. तुमच्या-आमच्या घराचे नुकसान मोजायला तिथे तराजू नाही. देशात दुसरे शंभर फोन मिळतात, म्हणून बाजार ठीक चालला आहे असे आयोग म्हणेल. पण ज्याने ३१,००० रुपये देऊन तो एकच फोन घेतला, त्याच्यासाठी त्या खरेदीपुरता बाजार तिथेच संपला. तेव्हा करार करण्यापूर्वी डोळे उघडे ठेवणे हे काम शेवटी ग्राहकाचेच आहे.

ग्राहक मोकळा असला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २० जानेवारी २०११ रोजी देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही तोच नंबर ठेवता येऊ लागला. आपली मुले शिकायला पुण्याला, नागपूरला जातात, त्यांना याचा केवढा फायदा झाला! नंबर आपला झाला, म्हणून कंपनी आपल्याला जपू लागली. आता समजा, नंबर मोकळा आहे पण फोनच बांधलेला आहे. मग त्या नंबराच्या स्वातंत्र्याचा उपयोग काय? एका दाराचे कुलूप काढून दुसऱ्या दाराला लावल्यासारखेच ते झाले.

आता शाळेशी संबंध. काही महिन्यांपूर्वी एका विक्रेत्याने आमच्याकडे एक प्रस्ताव आणला. नववी ते बारावीच्या मुलांना अभ्यासासाठी टॅब द्यायचा. बाजारभावापेक्षा तीन हजार रुपये कमी. त्यात एका ठरावीक कंपनीचेच सिम चालणार, आणि तिचाच मासिक पॅक दोन वर्षे घ्यायचा. शाळेने फक्त पालकांना पत्र पाठवायचे. त्याबद्दल शाळेच्या इमारत निधीला 'सहकार्य' मिळणार. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावरच हिशोब मांडला. तो पॅक तेवढ्याच सोयीच्या साध्या पॅकपेक्षा महिन्याला दीडशे रुपयांनी महाग होता. चोवीस महिन्यांचे ३,६०० रुपये. तीन हजार वाचवायला तीन हजार सहाशे! आणि दोन वर्षांनंतर कुलूप उघडणार का, याचे लेखी उत्तर काही मिळाले नाही.

आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. तिथे एक म्हण नेहमी कानावर पडे, 'महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार.' ती या प्रस्तावाला अगदी चपखल बसते. पण हा प्रस्ताव नाकारावा असे आम्हाला वाटते ते केवळ सहाशे रुपयांसाठी नाही. हिशोब उलटा असता, पालकांचे सहाशे वाचत असते, तरी आम्ही तो शाळेच्या नावाने पुढे करण्याच्या विरुद्धच राहिलो असतो. कारण शाळेचे पत्र म्हणजे जाहिरात नव्हे. शाळेने सांगितले म्हणजे ते मुलाच्या भल्याचेच असणार, असे समजून पालक सही करतात. त्या विश्वासावर शाळा उभी आहे. तो विश्वास कोणा कंपनीला भाड्याने देण्याचा अधिकार प्राचार्यांना नाही आणि संचालक मंडळालाही नाही.

मध्य प्रदेशात खासगी शाळांसाठी २०१७ चा कायदा आणि २०२० चे नियम आहेत. पुस्तके, गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. आमच्या मते टॅब आणि सिम यांनाही हाच न्याय लागला पाहिजे. खजुरी बाजारात वही कोणत्या दुकानातून घ्यावी हे पालकांनी ठरवायचे, तसेच सिम कोणाचे घ्यावे हेही त्यांनीच ठरवायचे. शाळेने फार तर काय लागेल ते सांगावे. पडदा किती मोठा हवा, बॅटरी किती चालावी, मराठी-हिंदी नीट दिसावे. नाव कोणत्याच कंपनीचे सांगू नये.

यावर एक प्रश्न हमखास येईल, आणि तो योग्यही आहे. ज्यांना एकरकमी पैसे देणे जमत नाही त्यांच्या मुलांचे काय? त्यांना तीन हजारांची सवलत म्हणजे मोठीच गोष्ट. आमचे उत्तर असे. ज्याला गरज जास्त त्यालाच आपण जास्त काळ बांधून ठेवावे, हे न्यायाचे नाही. त्याच्यासाठी दुसरे उपाय आहेत. शाळेची संगणक खोली सुटल्यानंतर तासभर उघडी ठेवता येईल. बारावी झालेल्या मुलांचे टॅब पुस्तकपेढीप्रमाणे जमा करून पुढच्या मुलांना देता येतील. माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरायला आम्हाला संकोच वाटणार नाही. या पेढीत एकच अट राहील, की टॅब कुलूपबंद नसावा. कारण कुलूपबंद वस्तू दानातही दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

आणि घरच्या खरेदीसाठी तीन प्रश्न. फोन स्वस्त मिळत असेल तेव्हा दुकानदाराला ते जरूर विचारा. पहिला, यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालेल का? शक्य असेल तर तिथेच शेजाऱ्याचे सिम घालून पाहा. दुसरा, फोनची किंमत आणि मुदतभराचे सगळे रिचार्ज मिळून एकूण किती रुपये जाणार? तो आकडा कागदावर लिहून मागा. तिसरा, पैसे फिटल्यावर कुलूप कोण उघडून देणार, किती दिवसांत, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का? तिन्हींची उत्तरे बिलावर लिहून मिळाली तर खुशाल घ्या. दुकानदार हसून 'काळजी करू नका साहेब' म्हणाला, तर काळजी करा. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती होत असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. सत्तरच्या दशकात पुण्यात ग्राहक पंचायत सुरू करणारे बिंदुमाधव जोशी मराठीच होते. तेव्हा पावती मागायला मराठी माणसाने लाजण्याचे कारण नाही.

टॅबचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या येत्या सभेत आम्ही जसाच्या तसा, हिशोबासह मांडणार आहोत. आमचे मत वर दिलेच आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी अवश्य यावे आणि बोलावे. मुलांनाही बरोबर आणा. चोवीस महिन्यांचा हिशोब मोठी माणसे कशी करतात, हे त्यांनी एकदा प्रत्यक्ष पाहावे. गणिताच्या पुस्तकात हा धडा नाही, पण आयुष्यात तो फार वेळा परीक्षेला येतो.

आपले नम्र,
प्राचार्य